न आलेलं जबाबी कार्ड : ओहायोच्या मतदार यादीचा खटला

नोव्हेंबर २०१५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात त्या दिवशी एका प्रश्नावर सार्वमत होतं: गांजा कायदेशीर करायचा की नाही. नौदलात नोकरी करून आलेला एक सॉफ्टवेअर इंजिनिअर मत द्यायला केंद्रावर गेला आणि त्याला सांगण्यात आलं की यादीत तुमचं नावच नाही. सोळा वर्षांपासून तो त्याच घरात राहत होता. गाडीची नोंदणी, कर, सगळं त्याच पत्त्यावर. २००४ आणि २००८ ला त्याने मत दिलं होतं. २०१२ ला एकही उमेदवार पसंत पडला नाही म्हणून तो घरी बसला, आणि मधल्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकांनाही गेला नव्हता.

राज्याचं म्हणणं असं की २०११ साली आम्ही तुम्हाला एक नोटीस पाठवली होती. तिच्यासोबत जबाबी कार्ड होतं, पत्ता छापलेला, टपाल खर्च भरलेला. तुम्ही ते परत पाठवलं नाही. यावर त्याचं उत्तर होतं की असं काही आल्याचं मला आठवत नाही.

बस, भांडण एवढंच. पण ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ११ जून २०१८ रोजी पाच विरुद्ध चार असा निकाल लागला. खटल्याचं नाव हस्टेड विरुद्ध ए. फिलिप रँडॉल्फ इन्स्टिट्यूट. मतदार यादीतून नावं काढण्याबद्दल तिकडे जे खटले चालतात त्यांत मला हा सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो, कारण यात कुणी कुणाचं नाव चोरून कापलेलं नाही. जे झालं ते नियमाप्रमाणे, लेखी आणि वर्षानुवर्षं झालं. वाद होता तो गप्प बसण्याचा अर्थ काय लावायचा, यावर.

नाव जातं कसं

आधी एक फरक. आपल्याकडे एक निवडणूक आयोग आहे आणि यादीचा कायदाही देशभर एकच. अमेरिकेत मतदार यादी राज्यांची असते, ती सांभाळतं राज्याचं सेक्रेटरी ऑफ स्टेट हे कार्यालय, आणि हे पद बहुतेक राज्यांत पक्षाच्या तिकिटावर निवडून येणाऱ्या माणसाकडे असतं. ओहायोत तेव्हा तिथे जॉन हस्टेड होते, रिपब्लिकन. त्यांच्या हाताखाली प्रत्येक काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं, निवडणूक मंडळ. घरोघरी फिरणारा आपल्यासारखा बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) तिथे नाही. यादी ताजी ठेवायची तर कागद आणि टपाल यांवरच भिस्त.

माणूस मेला की नाव काढणं त्यातल्या त्यात सोपं. घर बदलणाऱ्यांचं अवघड. अमेरिकन माणूस पत्ता फार बदलतो आणि जुन्या ठिकाणची नोंद रद्द करायला कुणी मुद्दाम जात नाही. ओहायोकडे यासाठी दोन रस्ते होते. पहिला टपाल खात्याचा: लोक पत्ता बदलल्याची वर्दी पोस्टाला देतात, ती यादी मतदार यादीशी ताडून पाहायची. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. दुसरा रस्ता राज्याने १९९४ पासून धरलेला, ज्याला ते पूरक पद्धत म्हणत. मतदाराने दोन वर्षं मतदान किंवा निवडणुकीशी संबंधित दुसरी काही हालचाल केली नाही, तर त्याने घर बदललं असावं असं धरून नोटीस आणि जबाबी कार्ड पाठवायचं. कार्ड परत आलं किंवा त्याने पुढे मत दिलं तर ठीक. यातलं काहीच झालं नाही आणि आणखी चार वर्षं गेली, म्हणजे देशपातळीवरच्या दोन सार्वत्रिक निवडणुका उलटल्या, तर नाव बाद. सहा वर्षांचा हिशेब.

इथे खोच अशी की नोटीस कुणाला पाठवायची हे ठरवताना घर बदलल्याचा काहीही पुरावा हातात नसतो. पत्र परत आलेलं नसतं, शेजाऱ्याने काही सांगितलेलं नसतं, पोस्टाची वर्दी नसते. मत न देणं हाच संशय आणि तोच पुरावा.

कायद्याची दोन वाक्यं

१९९३ साली क्लिंटन यांच्या सहीने राष्ट्रीय मतदार नोंदणी कायदा झाला. गाडीच्या परवान्याच्या कचेरीतच मतदार नोंदणी करून मिळावी अशी त्यात सोय होती, म्हणून लोक त्याला ‘मोटर व्होटर’ म्हणतात. पण त्याचं दुसरं अंग नावं काढण्यावरच्या बंधनांचं आहे. निवडणुकीच्या आधीच्या ९० दिवसांत घाऊक नावं काढायची नाहीत. घर बदललं म्हणून नाव काढायचं तर मतदाराने तसं लेखी द्यायला हवं, नाहीतर नोटीस देऊन दोन सार्वत्रिक निवडणुका थांबायला हवं. आणि मुख्य म्हणजे, यादी साफ करण्याच्या कोणत्याही कार्यक्रमामुळे कुणाचं नाव ‘मत दिलं नाही या कारणाने’ निघता कामा नये.

हे वाक्य तिथे आलं त्याला इतिहास आहे. विशेषतः दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या मतदारांना दूर ठेवायला साक्षरतेच्या परीक्षा आणि मतदान कर वापरले गेले, तशीच एक युक्ती म्हणजे थोडे दिवस मत दिलं नाही की नाव उडवायचं आणि पुन्हा नोंदणीसाठी खेटे घालायला लावायचं.

मग २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात मोजणीचा आणि याद्यांचा जो घोळ झाला, त्यानंतर २००२ मध्ये दुसरा कायदा आला. त्याने जुन्या कलमाला एक शेपूट जोडलं: या मनाईचा अर्थ असा लावायचा नाही की नोटीस पाठवून थांबण्याची पद्धत राज्यांना वापरता येणार नाही. आणि आणखी एक शब्द घातला: ‘केवळ’ मत न दिल्याच्या कारणावरून कुणाचं नाव काढू नये.

सगळा खटला या ‘केवळ’वर उभा आहे. दुरुस्ती करणाऱ्यांना मतदाराचं संरक्षण पक्कं करायचं होतं की राज्यांना वाट मोकळी करून द्यायची होती? कायदा वाचून दोन्ही बाजू छातीठोकपणे आपलंच खरं म्हणू शकतात, आणि तसंच झालं.

खालच्या कोर्टांत

एप्रिल २०१६ मध्ये दावा दाखल झाला. वादी तीन: रँडॉल्फ इन्स्टिट्यूटची ओहायो शाखा, ईशान्य ओहायोतली बेघरांसाठी काम करणारी संघटना आणि वर सांगितलेला मतदार. पहिलीबद्दल थोडं सांगायला हवं. फिलिप रँडॉल्फ म्हणजे रेल्वेच्या शयनडब्यांत राबणाऱ्या काळ्या पोर्टरांची युनियन १९२५ मध्ये उभी करणारा आणि १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचं नेतृत्व करणारा कामगार पुढारी. त्यांच्या नावाची संस्था १९६५ मध्ये निघाली, त्याच वर्षी मतदान हक्काचा मोठा कायदा झाला. बेघरांची संघटना यात का, हे वेगळं सांगायला नको. ज्याचा पत्ताच स्थिर नाही त्याला टपालाने नोटीस पाठवून चार वर्षं थांबणं ही थट्टाच आहे.

जिल्हा न्यायालयाने जून २०१६ मध्ये राज्याच्या बाजूने निकाल दिला. सप्टेंबरमध्ये सहाव्या सर्किटच्या (ओहायो ज्यात येतं त्या विभागाच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने तो फिरवला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: सगळ्या प्रक्रियेची कळ मत न देण्यातून दाबली जाते, म्हणजे नाव जातं ते मत न दिल्यामुळेच. मधे नोटीस घातली म्हणून कारण बदलत नाही. ट्रम्प-क्लिंटन निवडणूक दीड महिन्यावर आलेली. तेव्हा न्यायालयाच्या आदेशाने असं ठरलं की ज्यांची नावं या पद्धतीने गेली आहेत त्यांना तात्पुरती मतपत्रिका द्यायची आणि तो त्याच काउंटीत राहत असेल तर ती मोजायची. साडेसात हजारांच्या आसपास मतं त्या निवडणुकीत अशी मोजली गेली. म्हणजे इतकी माणसं नाव गेल्यावरही मत द्यायला आली होती. हा आकडा मला वकिलांच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा बोलका वाटतो.

मधल्या काळात आणखी एक गंमत झाली. अपिलात केंद्र सरकारच्या न्याय खात्याने मतदारांच्या बाजूने निवेदन दिलं होतं. सरकार बदललं आणि ऑगस्ट २०१७ मध्ये तेच खातं ओहायोच्या बाजूने उभं राहिलं. जानेवारी २०१८ च्या सुनावणीत न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी सरकारी वकील नोएल फ्रान्सिस्को यांना याबद्दल विचारलंच: इतकी वर्षं दोन्ही पक्षांची सरकारं एका बाजूने बोलत होती, तुमच्या खात्याने एवढी कोलांटी कशी काय मारली? शब्द माझे, रोख त्यांचा.

पाच जणांचं म्हणणं

बहुमताचा निकाल सॅम्युअल अलिटो यांनी लिहिला. सुरुवातच आकड्यांनी: देशातल्या सुमारे २ कोटी ४० लाख मतदार नोंदी, म्हणजे आठातली एक, अवैध किंवा बऱ्याच अंशी चुकीच्या असाव्यात असा अंदाज आहे, आणि साधारण साडेसत्तावीस लाख माणसं एकाहून अधिक राज्यांत नोंदलेली आहेत. (याचा अर्थ ती दोनदा मत देतात असा मुळीच नाही. घर बदललेल्या माणसाची जुनी नोंद राहून जाते, एवढंच. पण निकालाच्या तोंडीच असे आकडे आले की वाचणाऱ्याची वृत्ती तयार होते.)

त्यांचा युक्तिवाद मात्र हलक्यात घेण्यासारखा नाही. ओहायो केवळ मत न दिल्याबद्दल नाव काढत नाही, ते म्हणाले. मत दिलं नाही आणि शिवाय नोटिशीला उत्तर दिलं नाही, अशा दोन गोष्टी जुळल्यावर काढतं. नोटीस पाठवून दोन निवडणुका थांबायचं हे खुद्द संसदेनेच सांगितलेलं आहे, ओहायोने मनाने काढलेलं नाही. नोटीस कशावरून पाठवायची याचं बंधन कायद्यात लिहिलेलं नाही. आणि ज्याला मतदानाची थोडीफार फिकीर आहे असा शहाणा माणूस असली नोटीस केरात टाकणार नाही असं संसदेने गृहीत धरलं असेल, तर ते चुकीचं आहे म्हणणारे आम्ही कोण? ही पद्धत सर्वांत चांगली आहे का हा आमच्यापुढचा प्रश्नच नाही, ती कायद्यात बसते की नाही एवढाच आहे, आणि बसते.

मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा चिडून वाचला होता. पुन्हा वाचल्यावर कबूल करावं लागतं की २००२ ची दुरुस्ती जशी लिहिली आहे तशी वाचली तर अलिटो यांचा अर्थ ओढूनताणून काढलेला वाटत नाही. शब्दांच्या लढाईत ते पुढे आहेत.

आणि साठ हजार कार्डं

पण अल्पमतातल्या स्टीफन ब्रेयर यांचं भिन्न मत वाचल्यावर जमीन हलते, कारण त्यांनी शब्द बाजूला ठेवून ओहायोच्याच नोंदी उघडल्या. २०१२ साली राज्याने सुमारे १५ लाख मतदारांना अशा नोटिसा पाठवल्या. राज्यातले एकूण नोंदलेले मतदार साधारण ८० लाख, म्हणजे जवळजवळ दर पाचव्या माणसाने घर बदललं असावं असा सरकारला संशय आला. परत काय आलं? ‘होय, मी घर बदललं आहे’ असं सांगणारी कार्डं सुमारे ६०,००० आली. ‘नाही, मी इथेच आहे’ अशी सुमारे २,३५,००० आली. उरलेल्या दहा लाखांहून जास्त नोटिसांवर काहीच नाही.

ज्यांनी उत्तर दिलं त्यांच्यात राज्याचा अंदाज चुकल्याचं सांगणारे चौपट निघाले. आणि ब्रेयर यांनी पुढे ठेवलेला दुसरा आकडा असा की दर वर्षी काउंटी सोडून जाणारे अमेरिकन फार तर चार टक्के. मग दहा लाखांच्या गप्प बसण्याचा अर्थ ‘गेले’ असा का लावायचा? त्यापेक्षा सरळ स्पष्टीकरण ते देतात: टपालाने आलेली कार्डं परत न पाठवण्याचा माणसाचा स्वभाव असतो.

इथे टपालाचा एक बारकावा आहे आणि माझ्या मते खटल्याचं मर्म तिथेच आहे. पत्र दोन तऱ्हांनी पाठवता येतं. एक, माणूस त्या पत्त्यावर नसेल तर पुढे न पाठवता परत आणायचं. असं पत्र परत आलं तर काहीतरी कळलं. दुसरी तऱ्हा म्हणजे तो नव्या पत्त्यावर गेला असेल तर तिथे धाडून द्यायचं. ओहायोची नोटीस कायद्याप्रमाणे या दुसऱ्या तऱ्हेची होती. ती नव्या घरीही पोहोचू शकते आणि जुन्या घरीही. उत्तर आलं नाही, तर तो कुठे राहतो याबद्दल काहीच सिद्ध होत नाही, फक्त त्याने कार्ड टपालात टाकलं नाही हे कळतं. ब्रेयर यांनी याला चिमटा काढला आहे: मत न देण्यात असा बिनसंबंधाचा घटक मिसळायचा, समजा सुट्टीवर जाणं किंवा जरा जास्तच जेवणं, तर त्यामुळे ‘केवळ मत न दिल्याने’ हे वास्तव बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आकंठ जेवणाचा दाखला मी दुसरीकडे वाचलेला नाही.

सोटोमायोर यांनी ब्रेयर यांच्याशी सहमत होऊन शिवाय स्वतंत्रपणेही लिहिलं, ते कुणाचं नाव जातं याबद्दल. सिनसिनाटीच्या मध्यवर्ती भागातल्या काळ्या बहुसंख्येच्या वस्त्यांत २०१२ पासून दहा टक्के मतदार निष्क्रिय म्हणून वगळले गेले, तर शेजारच्या इंडियन हिल या गोऱ्या, सधन उपनगरात चार टक्के. रॉयटर्सने २०१६ मध्ये केलेल्या पडताळणीतही डेमोक्रॅट कल असलेल्या वस्त्यांत नावं जाण्याचं प्रमाण रिपब्लिकन वस्त्यांच्या सुमारे दुप्पट दिसलं होतं. अलिटो यांचं यावरचं उत्तर एका वाक्याचं: भेदभावाचा हेतू होता असा कोणताही पुरावा दाव्याच्या कागदपत्रांत नाही.

ते खरंच आहे, आणि इथे वादींच्या वकिलांनी केलेली निवड दिसते. त्यांनी घटनेतल्या समान संरक्षणाचा मुद्दा आणला नाही, भेदभावाच्या कलमावरही भर दिला नाही. एका कायद्यातल्या एका वाक्यावर लढले. मुद्दा नेमका राहिला, पण त्यामुळे आकडे निकालाच्या कडेला गेले आणि व्याकरण मधोमध बसलं. हेतू सिद्ध करणं अमेरिकन न्यायालयात किती कठीण असतं हे पाहता त्यांना दोष देता येत नाही.

आपल्याकडून बघताना

भारतात मत दिलं नाही म्हणून नाव जात नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम २२ खाली नोंदणी अधिकाऱ्याला नाव काढता येतं ते मृत्यू, तिथला सर्वसाधारण रहिवास संपणं किंवा मुळात पात्र नसणं या कारणांनी, आणि त्याआधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. मुंबईचा यात थेट संबंध आहे. नव्वदच्या दशकात मुंबई आणि दिल्लीतल्या काही वस्त्यांमधल्या मतदारांना नागरिकत्वाचे पुरावे मागणाऱ्या नोटिसा गेल्या, आणि त्यावरून १९९५ मध्ये लालबाबू हुसेन खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की आधीच्या यादीत नाव होतं या गोष्टीला वजन द्यायलाच हवं, चौकशी न्यायाने व्हायला हवी. २०२५ मध्ये बिहारच्या विशेष पुनरीक्षणात मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळाली, तेव्हा १४ ऑगस्टला न्यायालयाने वगळलेल्यांची यादी कारणांसह जाहीर करायला लावली. म्हणजे आपल्याकडचा तंटा गप्प बसण्याचा नाही, कागदाचा आहे.

अमेरिकेत राहून तिथलं नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाला ओहायोपेक्षा टेक्ससचा प्रकार जास्त जवळचा वाटेल. जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटने सुमारे ९५,००० मतदार नागरिक नसावेत असा इशारा दिला. आधार कोणता, तर गाडीचा परवाना काढताना दाखवलेली कागदपत्रं. परवाना ग्रीन कार्डावर काढला आणि पुढे नागरिकत्वाची शपथ घेतली, अशा माणसांची गणती थेट संशयितांत झाली. दावे झाले, राज्याने एप्रिलमध्ये तडजोड करून यादी मागे घेतली आणि मे महिन्यात त्या अधिकाऱ्याने पद सोडलं. तिथे निदान यादीत काय चुकलं ते दाखवता आलं. ओहायोत चूक दाखवायची तर आधी नाव गेल्याचं कळायला हवं, आणि ते कळतं मतदानाच्या दिवशी.

निकालानंतर

सर्वोच्च न्यायालयात हरल्यावरही वादी पुरते रिकाम्या हाती गेले नाहीत. नोटिशीच्या मजकुराबद्दलचे काही मुद्दे शिल्लक होते, त्यांवरून २०१९ मध्ये तडजोड झाली. या पद्धतीने ज्यांची नावं गेली होती त्यांनी त्याच काउंटीत राहत असल्यास तात्पुरती मतपत्रिका भरली तर ती २०२२ अखेरपर्यंत मोजायची, असं ठरलं. नाव काढण्यापूर्वी एक शेवटची नोटीस जाऊ लागली. मूळ पद्धत तशीच राहिली. हस्टेड पुढे उपराज्यपाल झाले आणि आता सिनेटर आहेत.

त्यांच्या जागी आलेले फ्रँक लारोज यांनी २०१९ च्या उन्हाळ्यात एक वेगळी गोष्ट केली. काढायच्या सुमारे २,३५,००० नावांची यादी आधीच उघड केली आणि मतदारांसाठी काम करणाऱ्या संघटनांना दिली, की तपासून बघा. रिपब्लिकन अधिकाऱ्याने स्वतः होऊन केलेली ही गोष्ट नोंदवायला हवी. स्वयंसेवक यादी घेऊन बसले आणि त्यांना सुमारे ४०,००० नावं चुकीने आलेली सापडली. काही काउंटींच्या संगणक प्रणालीतले दोष निघाले, मत दिलेली माणसं निष्क्रिय म्हणून आलेली निघाली.

यादी तपासणाऱ्यांत लीग ऑफ विमेन व्होटर्सच्या ओहायो शाखेच्या संचालिका होत्या. आदल्या वर्षभरात त्यांनी तीनदा मत दिलं होतं. त्यांचं स्वतःचं नाव काढायच्या यादीत होतं.